कुंपणाआडचे गाव

अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक क्षेत्रात, कारखान्यांच्या इमारतींच्या गर्दीत, एका चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत. कोंडिविट्याचे हे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च जेझुइट पाद्र्यांनी १५७९ साली बांधले. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगाने वस्ती उठली, गावकऱ्यांनी मरोळला नवे चर्च उभारले आणि जुने ओस पडले. पुढे १९७३ साली येथे निर्यात क्षेत्र स्थापन झाले आणि हे अवशेष कुंपणाआड गेले. वर्षातून एकदा, मे महिन्यात, ईस्ट इंडियन समाज तेथे जमून मिस्सा साजरा करतो. एरवी पूर्वजांच्या प्रार्थनास्थळी पाऊल ठेवायचे तर परवानगी काढावी लागते. ज्या आवारात निर्यातीसाठीचे हिरे जकातीवाचून येतात, तेथील ही व्यवस्था आहे!

हा समाज मूळचा साष्टीचा शेतकरी, मराठी बोलणारा. भात पिकवावे, ताडी काढावी, मिठागरांत राबावे, हा त्याचा जीवनक्रम. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून, त्याने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नोकऱ्यांच्या स्पर्धेत गोवेकर व मंगळूरकर ख्रिस्त्यांहून आपण वेगळे आहोत हे सरकारला दाखविण्याचा तो खटाटोप होता. नाव साहेबी झाले तरी लग्नात विहिरीवरून ‘उंबराचे पाणी’ आणण्याची चाल सुटली नाही.

जुन्या वास्तूंविषयी बोलताना भाबडेपणा मात्र नको. पोर्तुगीज अमलात साष्टीतील कित्येक जमिनी जेझुइटांच्याच ताब्यात होत्या. चर्चच्या दगडांत रयतेचा घामही आहे. इंग्रजांनी १८३० साली बैरामजी जीजीभाय यांना साष्टीतील सात गावे बहाल केली. पाद्री गेले, खोत आले, नंतर विमानतळ आणि औद्योगिक वसाहत आली. शेतावरचा हक्क प्रत्येक वेळी दुसऱ्याकडे गेला. शेतकऱ्यापाशी उरले ते गावठाण.

त्या गावठाणातील घर म्हणजे लाकडी तुळया, कौलारू छप्पर, पुढे ओटा आणि बाहेरून वर जाणारा जिना. वारसा म्हटला की शासनाला किल्ला आठवतो, राजवाडा आठवतो. भात झोडपणाऱ्याचे घर आठवत नाही. जमीन महसूल संहितेत गावठाणाची व्याख्या आहे. परंतु घर पिढ्यान्‌पिढ्या एकत्र, वाटणीचा कागद नाही, मालमत्ता पत्रकावर मृत आजोबांचे नाव. मग तुळई बदलायची परवानगी कोणाच्या सहीने मागायची? दुरुस्ती अडते, घर खचते आणि नेमक्या त्याच वेळी बिल्डर दारात उभा राहतो. विकणारे पुष्कळदा वारसच असतात हे खरे. पण ज्याला स्वतःच्या घराचे कौलही सुखाने बदलता येत नाही, त्याच्या विक्रीला ‘स्वेच्छा’ म्हणणे ही थट्टा आहे.

क्रॉसांची कथा निराळी नाही. १८९६ च्या प्लेगच्या काळात गावोगाव रस्त्याकडेला क्रॉस उभे राहिले. अनेक ठिकाणी भोवतालची वस्ती पालटली, पण क्रॉस राहिला. एप्रिल २०१७ मध्ये वांद्र्याच्या बाजार रोडवरील शंभराहून अधिक वर्षांचा क्रॉस महापालिकेने अनधिकृत ठरवून पाडला, आणि तो खाजगी जागेत असल्याची कागदपत्रे मागाहून पुढे आली.

मृतांनाही जागा पुरत नाही. मुंबईतील अनेक ख्रिस्ती स्मशानभूमींत काही वर्षांतच कबर पुन्हा उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि खड्डा दुसऱ्यासाठी मोकळा करतात. ज्यांच्या पूर्वजांनी मैलोगणती भातखाचरे कसली, त्यांच्या वाट्याला हातभर कोनाडा येतो.

हा एका पंथाच्या भावनेचा प्रश्न आहे असे समजून कार्यकर्त्यांनी बाजूला राहू नये. कोळीवाड्यातील मच्छीमाराचे आणि आगरी शेतकऱ्याचे दुखणे हेच आहे. प्रत्येक गावठाणाची हद्द मोजून नकाशावर आणावी, हयात वारसांच्या नावे मालमत्ता पत्रके द्यावीत, जुन्या पद्धतीच्या दुरुस्तीला वॉर्ड कचेरीतच मंजुरी मिळावी आणि कोंडिविट्याच्या चर्चची वाट निदान दर रविवारी खुली असावी, या मागण्या घेऊन कोळीवाड्याने आणि गावठाणाने एकाच मोर्चात यावे. पहिला मोर्चा सीप्झच्या फाटकावरच नेता येईल.