क्लासची फी ठरली, पण तासांचा हिशेब?



दहावीचा निकाल लागला की आमच्या डोंबिवलीत पेढ्यांच्या पाठोपाठ क्लासची माहितीपत्रके घरात येतात. जेईई, सीईटी, इंटिग्रेटेड, क्रॅश कोर्स हे शब्द जेवतानाही ऐकू येऊ लागतात. आईवडील दोन-तीन ठिकाणी चौकशी करतात, फी हप्त्यांत बसते का ते बघतात, आणि पावती हातात आली की नियोजन झाले असे समजतात. माझे मत असे आहे की नियोजन तिथे सुरूही झालेले नसते. पैशांचा हिशेब झाला, मुलाच्या तासांचा हिशेब कोणी केलाच नाही. आणि या परीक्षेत खरे भांडवल तेच आहे.

मी बी.कॉम. फिजिक्समधले मला फारसे कळत नाही, पण जमाखर्च मांडता येतो. नात अकरावीत गेली तेव्हा सूनबाई म्हणाली, "आई, क्लासचं आम्ही बघतो, तुम्ही वेळेचं बघा." मग वही घेऊन बसले. त्यात जे दिसले ते इथे मांडते. कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, ही दोन वर्षे पुरती दोन वर्षे नसतात. जेईई मेन आता वर्षातून दोनदा होते, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये. अकरावीच्या जूनपासून बारावीच्या जानेवारीपर्यंत मोजले तर साडेएकोणीस महिने भरतात. त्यातून प्रवेशाच्या फेऱ्या, गणपती, दिवाळी, घरातले एखादे लग्न आणि चार दिवसांचा ताप वजा करा. हाती राहतात साधारण ८० आठवडे. जानेवारीनंतर प्रॅक्टिकल, मग बोर्ड, मग एप्रिलची मेन, त्याच सुमारास राज्याची सीईटी, आणि पात्र ठरल्यास मे महिन्यात ॲडव्हान्स्ड. हा काळ नवीन धडा उघडण्याचा नाही, आधी साठवलेले वापरण्याचा आहे.

आता एका दिवसाचा हिशेब बघा. कल्याणचे मूल ठाण्याच्या क्लासला जाते असे धरू. झोप साडेसात तास. कॉलेज आणि क्लास मिळून आठ तास. घरापासून क्लासच्या दारापर्यंत सव्वा तास जाताना आणि सव्वा तास येताना, म्हणजे अडीच तास. आंघोळ, जेवण, देवदर्शन, चार शब्द बोलणे यात दोन तास. बेरीज झाली वीस. स्वतःच्या हाताने गणिते सोडवायला उरले चार तास. तेच मूल कल्याणातल्याच क्लासला गेले आणि प्रवास एका तासात आटोपला, तर उरतात साडेपाच. रोजचा फरक दीड तासाचा. आठवड्याचे सहा दिवस धरले तर नऊ तास, आणि ८० आठवड्यांत ७२० तास. रोज सहा तास अभ्यास धरला तर हे १२० दिवस झाले. चार महिने आपण रुळांवर टाकून येतो, आणि नंतर म्हणतो, वेळ पुरला नाही.

यावर "गाडीत वाचतो की तो" असे उत्तर मिळते. कल्याण ते ठाणे गर्दीच्या वेळी ज्यांनी प्रवास केलाय त्यांनी हे उत्तर देऊ नये. दिव्याला उतरायचे तर आधीपासून दाराशी उभे राहावे लागते, तिथे पुस्तक कसे उघडणार? आणि प्रश्न नुसता वेळेचा नाही. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसे खाली पडली, काहींचे जीव गेले. सोळा वर्षांच्या मुलाला रोज ऐन गर्दीत पाठवताना हे डोळ्यांआड करता येत नाही. ठाण्यात राहणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. घोडबंदर रोडच्या कोंडीत बस अडकली की तोच अडीच तासांचा आकडा येतो.

ठाण्यात शिकवणारे चांगले नाहीत असे मी म्हणत नाही. एखाद्या विषयाचे सर मुलाला खरोखर मानवत असतील तर जरूर जावे, पण आठवड्यातून दोन दिवस, कमी गर्दीच्या वेळी. बाकीचे जवळच करावे. शिवाय आता घरबसल्याही बरेच मिळते. केंद्र सरकार आणि आयआयटी कानपूर यांचे 'साथी' हे संकेतस्थळ फुकट आहे. परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावर सराव परीक्षा आहेत, ॲडव्हान्स्डच्या मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकाही मिळतात. क्लास नावाने निवडण्यापेक्षा अंतराने निवडा, इतकेच माझे म्हणणे.

दुसरा हिशेब परीक्षांचा. जेईई मेनमध्ये आता ७५ प्रश्न, ३०० गुण आणि तीन तास. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटे चोवीस सेकंद. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकले तर एक जातो. आपल्या राज्याच्या सीईटीत गणिताचे ५० प्रश्न दीड तासात, प्रत्येकी दोन गुणांचे. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न दुसऱ्या दीड तासात, म्हणजे एकाला जेमतेम चोपन्न सेकंद. चुकीला दंड नाही. एका परीक्षेत थांबून विचार करायचा आणि खात्री नसेल तर सोडून द्यायचे. दुसरीत भराभर पुढे जायचे आणि एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. "जेईईचा अभ्यास झाला की सीईटी आपोआप होते" हे मला म्हणूनच पटत नाही. अभ्यासक्रम बराचसा सारखा असला तरी हाताला लागणारी सवय वेगळी आहे. सीईटीत बारावीचा भाग सुमारे ८० टक्के आणि अकरावीचा २० टक्के असतो. त्यासाठी बालभारतीची पुस्तके नीट वाचलेली हवीत आणि घड्याळ लावून वेगळा सराव हवा. त्याचे तास वहीत आधीच मांडून ठेवा.

सीईटीला दुय्यम समजणेही सोडून द्यावे. २०२५ मध्ये साधारण पावणेपंधरा लाख मुलांनी जेईई मेन दिली. त्यातले वरचे अडीच लाख ॲडव्हान्स्डला पात्र ठरतात, आणि तेवीस आयआयटींत मिळून जागा होत्या सुमारे अठरा हजार. म्हणजे शंभरात एखादा. स्वप्न जरूर बघावे, पण शंभरातल्या नव्व्याण्णवांचा रस्ताही कागदावर असावा. माटुंग्याचे व्हीजेटीआय १८८७ पासूनचे, पुण्याचे सीओईपी १८५४ पासूनचे. तिथले बहुतेक प्रवेश सीईटीवर होतात. आपल्या मध्य रेल्वेवरचे माटुंगा काही कमीपणाचे स्टेशन नाही.

आता घसारा. कॉमर्सवाल्यांना हा शब्द माहीत आहे. यंत्र घेतले की दरवर्षी त्याची किंमत थोडी कमी धरावीच लागते. शिकलेल्या धड्याचेही तसेच असते. अकरावीच्या ऑगस्टमध्ये शिकलेले पुढच्या ऑगस्टपर्यंत तसेच्या तसे राहत नाही. पण बहुतेक वेळापत्रकांत नवीन धड्यांनाच जागा असते, उजळणीला नसते. आम्ही नातीच्या वहीत तीन रकाने केले : नवीन, सराव, उजळणी. आठवड्यातले सहा तास उजळणीचे, आणि ते कशासाठीही मोडायचे नाहीत. अकरावीनंतरची एप्रिल-मेची सुटी संपूर्ण अकरावीच्या उजळणीला. बारावीचा नवा भाग दिवाळीच्या आसपास संपवायचा, म्हणजे डिसेंबर फक्त प्रश्नपत्रिकांना मिळतो. चुकलेल्या गणितांची वेगळी वही आहे. आपण प्रतिक्रमणात दिवसभराचे दोष आठवतो ते स्वतःला बोल लावायला नाही, पुन्हा होऊ नयेत म्हणून. त्या वहीकडेही तसेच बघावे. त्यात मूल किती चुकले हे आईने मोजू नये.

एका बैठकीला किती वेळ द्यावा? मी नातीला सामायिकाचे माप दिले, ४८ मिनिटे. फोन दुसऱ्या खोलीत, मध्ये उठणे नाही. मग दहा मिनिटे गॅलरीत. अशा पाच बैठका नीट झाल्या तर चार तास भरतात.

जेवणाचेही आधीच ठरवावे. थंडीत सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि क्लास नेमका पाच ते आठ असतो. ज्या घरी चौविहार पाळतात तिथे मूल एक तर उपाशी राहते नाहीतर नियम मोडल्याचे मनात घेऊन जेवते. क्लासच्या आधी खाता येईल असा डबा द्या. दशमी, मुगाचे धिरडे, उसळ. आणि नियम किती पाळायचा हे मुलावर सोपवा. त्या दोन वर्षांत धर्माचे ओझे वाटू नये, आधार वाटावा.

सुटीचा दिवस हा चैनीचा खर्च नाही. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नको, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवणी नको, आठवड्याची सुटी हवी आणि सुटीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा नको असे म्हटले आहे. सातवी-आठवीपासून 'फाउंडेशन' विकणाऱ्यांना हे विचारायची आपली हिंमत हवी. माझ्या ओळखीच्या एका घरी क्लासने रविवारी चाचणी आणि सोमवारी तिची चर्चा ठेवली होती. आईने जाऊन स्पष्ट सांगितले, महिन्यातले दोन रविवार मुलगा येणार नाही. क्लासने मान्य केले. विचारले की मिळते.

शेवटचे कलम ड्रॉपचे. मेन सलग तीन वर्षे देता येते, ॲडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच. वर्ष थांबायचे की नाही, हे निकालाच्या दिवशी रडत-भांडत ठरवू नये. बारावीच्या दिवाळीतच, सगळे शांत असताना ठरवावे : अमुक मिळाले तर हे कॉलेज, नाही मिळाले तर ते. खुल्या प्रवर्गातल्या मुलाला आयआयटी-एनआयटीसाठी बोर्डातही ७५ टक्के हवेत किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव हवे, तेव्हा कॉलेजला नुसते नाव घालून ठेवणेही परवडत नाही.

ज्यांच्या घरी यंदा अकरावी आहे त्यांनी या रविवारी एक कागद घ्यावा. मुलालाच लिहू द्यावे. वर २४ तास, खाली एकेक वजाबाकी, आणि झोपेला हात लावायचा नाही. जे उरेल तेवढ्यात बसणारा क्लास निवडावा. फीच्या पावतीवर सही त्यानंतर.