आठवीचा उंबरठा



जयंतीच्या दिवशी आम्ही मस्तगडावर बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी पाणी वाटायला उभे होतो. गर्दीतून वाट काढत एक बाई आमच्याकडे आल्या. मुलगी आठवीत, निकाल तोंडावर आलेला. म्हणाल्या, "दादा, शाळेतून बारा हजार भेटतात म्हणं. त्याचा फारम कुठं मिळतो?" एप्रिलच्या उन्हातही आमच्या अंगाला वेगळाच घाम सुटला. ती परीक्षा डिसेंबरातच होऊन गेली होती. आणि ती फक्त आठवीच्या वर्षातच देता येते, नववीत गेलेल्या मुलाला ते दार बंद.

वाचकहो, त्या बाईंना बोल लावू नका. आम्ही स्वतः बी.कॉम., कारकुनीत केस पिकवलेले, वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देणारे. तरी 2018 साली आमच्या सख्ख्या भाच्याचा अर्ज राहिला. मुलगा हुशार, गणितात तर हातखंडा. त्याचे वडील लोखंडाच्या मिलमध्ये रोजंदारीवर. पगाराची पावती नाही, म्हणून उत्पन्नाचा दाखला काढायला तलाठ्याकडून अहवाल घ्यायचा होता. ताई दोनदा म्हणाली, "भाऊ, एवढं बघ ना." आम्ही म्हणालो, पुढच्या आठवड्यात बघू. शाळेने सूचना फळ्यावर लिहिली होती. ती मुलाने वाचली, घरी सांगितली, आणि घरातली मोठी माणसे आमच्या भरवशावर बसली. दाखला हातात आला तेव्हा तारीख उलटून चार दिवस झाले होते. शाळेतल्या बाबूंनी हात वर केले. त्यांनी पालकांना एकदा बोलावून सांगितले असते तर बरे झाले असते, पण खरी चूक आमची होती.

पुढे 2020 साली टाळेबंदी आली, शाळा मोबाईलवर भरू लागली. ताईच्या घरी एकच मोबाईल, तोही भाऊजींच्या खिशात. ते पैसे सुरू असते तर तोवर बारा-पंधरा हजार हाताशी असते, एक साधा मोबाईल सहज आला असता. पोरगा वडिलांबरोबर मिलवर जाऊ लागला. 2021 साली दहावीची परीक्षाच झाली नाही, अंतर्गत गुणांवर तो पास झाला. पण अभ्यासाशी तुटलेला धागा पुन्हा जुळायला दोन वर्षे गेली. आज तो आयटीआय करून कामाला लागला आहे, आमच्याशी नीट बोलतोही. मात्र ही गोष्ट आमच्यात कधी निघत नाही.

म्हणून आज त्या परीक्षेविषयी सविस्तर लिहितो. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, शाळेत तिला एनएमएमएस म्हणतात. केंद्र सरकारने 2008 साली सुरू केली. पूर्वी महिना 500 रुपये होते, 2017 पासून 1,000 झाले. नववी ते बारावी, वर्षाचे 12,000, चार वर्षांचे 48,000. घरचे उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवे. सातवीला 55 टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना 50. पेपर दोन, दोन्ही 90 गुणांचे. एक बुद्धिमत्तेचा, दुसऱ्यात विज्ञान, समाजशास्त्र आणि गणित. पात्रतेला 40 टक्के, आपल्या मुलांना 32. पण पात्र झाला म्हणजे निवड झाली असे नव्हे, गुणवत्ता यादीत नाव यावे लागते. अर्ज पालकाने भरायचा नसतो, शाळाच भरते. परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते.

आता यातली मेख ऐका. ही परीक्षा सरकारी, जिल्हा परिषदेच्या, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच आहे. आपल्याकडे मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या हायस्कुलाला प्रशाला म्हणतात. निजामाच्या काळातल्या सरकारी शाळांचा तो वारसा. लोक त्या प्रशालेतून मुलाला काढतात, पोटाला चिमटा घेऊन कुठल्या तरी विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घालतात, आणि फी भरता भरता हा हक्कही सोडून बसतात. इंग्रजीला आमचा विरोध नाही. पण नाव काढण्याआधी हिशेब तरी मांडा.

प्रशालेत आणखीही पुष्कळ असते. दहावीच्या मुलांचे जादा तास, सराव परीक्षा, मागासवर्गीय मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत लांबून येणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे. अपंग मुलांना बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, तोही शाळेमार्फत आधी अर्ज केला तरच.

आमचे सांगणे आठवीबद्दल आहे. आठवीपर्यंत पुस्तके फुकट आणि दुपारी खिचडी. शिक्षण हक्काचा 2009 चा कायदाही आठवीपर्यंतच धावतो. जून उजाडला, पोरगी नववीत गेली, की ताट काढून घेतले जाते. सहावी ते आठवीच्या मुलाला रोज 150 ग्रॅम धान्य धरलेले असते. नववीतल्या मुलाला भूक कमी लागते असे कोणत्या साहेबाने ठरवले, कोण जाणे! दप्तर जड होते, खर्च वाढतो आणि आधार सुटतो, हे तिन्ही एकाच वेळी. मुली घरी बसतात त्या इथेच. म्हणून ते महिन्याचे हजार रुपये लहान समजू नका. मुलीच्या नावाच्या खात्यात तिचे स्वतःचे पैसे येतात, तेव्हा तिला शाळेतून काढायला बापाची जीभ चटकन वळत नाही. हे आम्ही वस्तीत पाहिले आहे.

कागदांचे म्हणाल तर उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांचा. जातीच्या दाखल्याला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा किंवा महसुलाचा कागद शोधावा लागतो. आपण बौद्ध आहोत. केंद्राच्या सवलती आपल्याला 1990 च्या दुरुस्तीनंतर मिळू लागल्या. तेव्हा शाळेच्या नोंदवहीत धर्म आणि जात या रकान्यांत काय लिहिले आहे, ते पालकाने स्वतःच्या डोळ्यांनी एकदा पाहावे. आधार, बँकेचे पासबुक आणि शाळेचे रजिस्टर, तिन्हीकडे नाव अक्षर-अक्षर सारखे हवे. एका ठिकाणी 'लक्ष्मीबाई' आणि दुसऱ्या ठिकाणी 'लक्ष्मी' एवढ्याने पैसे अडकतात.

आपल्या जिल्ह्यात अजून एक अडचण आहे. दसरा-दिवाळी झाली की कित्येक कुटुंबे ऊसतोडीला जातात, आणि परीक्षा साधारण डिसेंबरात. मूल आजीजवळ राहते, आजीला सही येत नाही. म्हणून सगळे कागद पोळ्याच्या आत शाळेत पोहोचलेले बरे.

आणि यादीत नाव आले म्हणून पेढे वाटून मोकळे होऊ नका. दरवर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते. दहावीला 60 टक्के हवेत, आपल्या मुलांना 55. अकरावीही सरकारी किंवा अनुदानित ठिकाणीच हवी. आमच्या ओळखीच्या एका मुलीने नववी-दहावी पैसे घेतले, मैत्रिणींबरोबर विनाअनुदानित कॉलेजात नाव घातले, आणि पुढचे 24,000 गेले. कुणी तिला सांगितलेच नव्हते.

सांगणारे माणूस लागते, वाचकहो. बाबासाहेब एल्फिन्स्टन या सरकारी हायस्कुलात शिकले, 1907 साली मॅट्रिक झाले. बागेत वाचत बसणाऱ्या त्या मुलाला कृष्णराव केळुसकर गुरुजींनी हेरले, पुस्तके दिली, आणि पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. शिष्यवृत्ती महाराजांची होती, पण ती या मुलापर्यंत आली केळुसकरांच्या पायपिटीने.

आम्ही काही केळुसकर नव्हे. पण दर रविवारी सकाळी आठला विहाराच्या ओट्यावर सातवी-आठवीची मुले जमवून बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवतो. सुरुवातीला पाच मुले होती, आता सतरा आहेत. शेजारच्या प्रशालेतले एक शिक्षक सुट्टीच्या दिवशी येऊन गणित घेतात, चहासुद्धा घेत नाहीत. आकृत्यांच्या प्रश्नांत मुली पुढे आहेत, हे आमच्या घरच्यांनी आम्हाला दोनदा ऐकवले.

जयंतीला भेटलेल्या त्या बाईंची थोरली आता नववीत आहे, तिच्यासाठी नववी-दहावीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे, तिचे कागद लावले. धाकटी सातवीत आहे आणि रविवारी येऊ लागली आहे. तिचे कागद आम्ही पाहिले. आधारवर आडनावात एक वेलांटी चुकली आहे. सोमवारी अर्धी रजा टाकून आधार केंद्रावर जाणार आहोत, बाईंना दहा वाजता मस्तगडावरच उभे राहायला सांगितले आहे.