भरलेला रांजण

आषाढ वद्य एकादशीला संत नामदेवांचं जन्मगाव मानल्या जाणाऱ्या नरसी नामदेवला परतवारी भरते. पंढरपूर करून आलेला वारकरी इथं माथा टेकतो, तेव्हा त्याची वारी पुरी होते. पुणे, मुंबई, नांदेडला नोकरीसाठी गेलेली या पंचक्रोशीतली माणसंही या निमित्तानं गावी येतात. दर्शन होतं, जुने सवंगडी भेटतात. यांतले काही जण पुढं लिहितात. दिवाळी अंकात, रविवारच्या पुरवणीत, नाहीतर शाळेच्या स्मरणिकेत. विषय ठरलेला असतो: गावाकडचं बालपण.

या लेखांत कयाधू नदीतलं डुंबणं असतं. पाडाच्या कैऱ्या असतात, कंदिलाखालचा अभ्यास असतो, जत्रेतली रेवडी असते. यातलं काहीही खोटं नाही. पण एक प्रसंग जवळपास प्रत्येक लेखात येतो. पोरगा उन्हातान्हात खेळून घरी येतो, रांजणात तांब्या बुडवतो आणि घटाघटा पाणी पितो. तसं गार पाणी पुन्हा मिळालं नाही, असं तो साठीत लिहितो.

रांजण नेहमी भरलेला असतो. वैशाखातसुद्धा. एकाही लेखात तो कोरडा सापडत नाही, आणि तो भरताना कुणी दिसत नाही.

सहा-आठ घागरी ओतल्याशिवाय रांजण भरत नाही. पावसाळ्यात निदान नदी जवळ असते. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा उकरायचा, पाझरलेलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायचं, डोक्यावर चुंबळ ठेवून घर गाठायचं. पहाटे एकदा आणि दिवस कलताना पुन्हा. हे काम घरातल्या बाईचं. तिच्या जोडीला असायची मुलगी, म्हणजे तांब्या बुडवणाऱ्याची बहीण. तीही त्याच घरात, त्याच वर्षांत वाढत होती. तिचं बालपण मात्र लेखात नाही. लेखात ती फारतर राखी बांधायला येते.

‘तेव्हा सगळेच राबत होते,’ असं यावर उत्तर येईल. खरं आहे. पोरांनीही गुरं राखली, पिकातली पाखरं हाकली, अनवाणी शाळा गाठली. ते सगळं लेखात तपशिलानं येतं. त्यामुळं कष्ट विसरले गेले, असं म्हणता येत नाही. आपले कष्ट आठवले, दुसऱ्याचे नाही. बहिणीची शाळा चौथीत सुटली, तीही याच घागरीपायी किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेण्यापायी. ज्याची शाळा सुटली नाही, त्यानं त्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवात लेख लिहिला.

खुद्द नामदेवांच्या घरात दोन बालपणं नांदली. एक सगळ्यांच्या तोंडी आहे. वडील दामाशेटी घरी नाहीत, आई गोणाईनं नैवेद्याचं ताट दिलं, देव जेवेना म्हणून लहानग्या नामदेवानं हट्ट धरला. दुसरं बालपण जनीचं, म्हणजे संत जनाबाईंचं. ती गंगाखेडची. परंपरा सांगते की लहानपणीच ती दामाशेटींच्या घरी आली आणि कामाला लागली. एका पोरानं देवाला जेवू घातलं, ही कथा झाली. दुसरी पोर दळत, कांडत आणि पाणी भरत राहिली. त्याची कथा सांगायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं. तिनं ती सांगितली. जात्यापासून झाडलोटीपर्यंत सगळं काम तिनं अभंगात आणलं आणि विठ्ठलालाही त्याच कामाला जुंपलं. ही तेराव्या-चौदाव्या शतकातली गोष्ट. सातशे वर्षांनंतरचा आपला स्मरणरंजनकार अजून तांब्याशीच अडला आहे.

रांजणाचं पाणी ज्यांच्या वाट्याला सहज आलं नाही, त्यांनी गाव वेगळं लिहिलं. दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 साली आलं. त्यानंतर बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आलं, उर्मिला पवारांचं ‘आयदान’ आलं. ही दलित आत्मकथनं मराठी वाचकानं डोक्यावर घेतली. पारितोषिकं दिली, अभ्यासक्रमाला लावली. मग तो पुन्हा आपल्या गावावर लिहायला बसला आणि गावची विहीर कुणाकुणाला बंद होती, हे लिहायचं राहून गेलं. गाव मात्र ‘एका कुटुंबासारखं’ होतं, हे वाक्य लिहायचं राहिलं नाही.

स्मरणरंजन निरुपद्रवी असतं, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. या लेखांचा शेवट बहुधा हळहळीनं होतो: नळ आला आणि गावपण गेलं. 2019 पासून ‘जलजीवन मिशन’ घरोघरी नळ देण्याची भाषा करतं आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत तोटी बसली तरी उन्हाळ्यात तिला पाणी येत नाही. टँकर आला की हंडे घेऊन पुढं कोण धावतं, हे कुणालाही दिसतं. अशा वेळी नळानं गावाचा गोडवा नेला असं लिहिणं, म्हणजे पाण्याचा प्रश्न चवीचा आहे असं सांगणं. डोक्यावर चुंबळ ठेवलेल्या एकाही बाईनं नळाबद्दल अशी हळहळ व्यक्त केल्याचं आमच्या वाचनात नाही.

बालपणावर जरूर लिहावं. फक्त लेख छापायला देण्याआधी तो आपल्या बहिणीला वाचून दाखवावा. त्याच घरात, त्याच वर्षी तिचा दिवस कसा जायचा, हे तिला विचारावं आणि ती सांगेल ते लेखात घालावं. त्यानंतरही पाणी तितकंच गार वाटलं, तर तसंही लिहावं.