पाय आर स्क्वेअर आणि मेसची चपाती

सूत्रं आपल्याला तोंडपाठ असतात, अर्थ विचारला की दांडी गुल!

मेसची ७ इंची चपाती ६ इंची झाली, तर किती घटली? 'एक इंच' म्हणाल तर फसलात. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. ४९ चे ३६ झाले. म्हणजे पाव चपातीहून जास्त गेली, राव! (भाजीचं बोलायलाच नको.)

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) बघा: परीघ गुणिले पाव व्यास हे वर्तुळाचं क्षेत्रफळ. त्याची चौपट गोलाचं पृष्ठफळ. त्याला व्यासाने गुणून सहाने भागलं की घनफळ. एकातून दुसरं. आपल्या फॉर्म्युला-शीटवर मात्र तिन्ही सुटी सुटी.

सर-मॅडमनी पेपरात सूत्रं छापूनच द्यावीत आणि 'का?' एवढंच विचारावं. निम्मा वर्ग आडवा होईल, होऊ द्या.