दाटीचा हिशेब

शहराने बाहेर पसरण्याऐवजी आतल्या आत दाटावे, हे तत्त्व नगररचनेच्या शास्त्रात आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. त्यात तथ्यही आहे. लालबागला बांधलेले घर आयत्या जलवाहिनीवर आणि आयत्या लोकलगाडीवर उभे राहते. तेच कर्जतच्या वाटेवर गेले की भातखाचरे बुजतात आणि रहिवाशाचे दिवसाकाठी तीन-चार तास गाडीत जातात. तेव्हा औद्योगिक पट्ट्याचे बंधन सैल करून गिरणगावात वस्ती होऊ द्यावी, हा विचार मुळात चुकीचा नव्हता. चुकले ते पुढे.

१९८२ च्या संपानंतर मान टाकत गेलेल्या गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या ऐन मध्यावर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिचे ढोबळमानाने तीन वाटे पाडले: एक महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये या नियमात फेरफार झाला आणि संपूर्ण जमिनीऐवजी केवळ मोकळ्या जागेची वाटणी करण्याचे ठरले. शेड, साचेखाते आणि गोदामे यांनी व्यापलेल्या गिरणीत मोकळी जागा ती किती असणार! मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा अर्थ नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो ग्राह्य धरला. कायद्याचा वाद तेथे मिटला. शहराचा मिटला नाही.

कारण दाटीची किंमत अखेर जमिनीकडूनच वसूल होते. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला; तो कोणत्याही गटारांना पेलला नसता, हे मान्य. परंतु हिंदमाता तुंबण्यासाठी प्रलयाची गरज कधीच पडली नाही. तेथले पाणी साठवण्यासाठी महापालिकेने अलीकडे भूमिगत टाक्या बांधल्या. कोठे? मैदानाच्या आणि उद्यानाच्या पोटात! वाटणीत गमावलेल्या मैदानांचे मोल सांगण्यास याहून वेगळा पुरावा नको. वाहनतळाच्या मजल्यावर कुंड्या मांडून 'हिरवळ' दाखविणाऱ्या नकाशांत पाणी मुरत नाही. मनोरंजनाची किमान जागा जमिनीवरच हवी, असे सर्वोच्च न्यायालयालाही २०१३ मध्ये बजावावे लागले.

मात्र पर्यावरणवाद्यांनीही एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. मध्यवस्तीतील प्रत्येक वाढीव मजल्याला विरोध केला, तर ती माणसे जाणार कोठे? गेली तर ती खारफुटीच्या आणि मिठागरांच्या अंगावर जातात. धारावीच्या पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्यांच्या घरांसाठी मुलुंड, भांडुप आणि कांजूरमार्ग येथील सुमारे २५६ एकर मिठागरे देण्याचे २०२४ मध्ये ठरले, ते याच क्रमाने. भरतीचे पाणी पोटात घेणारी जमीन उपनगरांत बुजवायची आणि मध्यभागी श्रीमंतांचे मनोरे उठवायचे, हे दाटीचे धोरण नव्हे. वाढीव चटईक्षेत्र द्यायचेच, तर त्या मोबदल्यात जमिनीवरचा मातीचा तुकडा आणि परवडणारी घरे त्याच प्रभागात घ्यावीत. रोख अधिमूल्य घेऊन मोकळे होऊ नये. पैशाने दूर कोठेतरी उद्यान होईल, परळचे पाणी मुरणार नाही.

ज्यांच्या घामावर ही जमीन उभी होती, त्या गिरणी कामगारांसाठी २०२४ च्या शासन निर्णयाने शेलू आणि वांगणी येथे घरे सुचविली. जुलै २०२५ मध्ये ते वृद्ध कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले, ते मुंबईतच घर मागण्यासाठी.