केसगळतीवर तेलाचा उतारा : शेगावच्या गावांनी काय दाखवलं?

बुलढाणा : आठवडी बाजारात हल्ली भाजीवाल्याइतकीच गर्दी केसांच्या तेलवाल्याकडं दिसते. माका, जास्वंद, ब्राह्मी, आवळा आणि आता मोबाईलवर बघून मागितली जाणारी रोझमेरी. 'पंधरा दिवसांत गळती बंद, तीन महिन्यांत नवे केस' असं सांगून बाटली खपते. मजुरीचा एखादा दिवस त्यात सहज जातो. पैसे घामाचे आहेत, म्हणून हा दावा आपल्याच जिल्ह्यातल्या अनुभवावर तपासून बघायला हवा.

शेगाव तालुक्यात काय झालं

डिसेंबर 2024 च्या शेवटी आणि जानेवारी 2025 मध्ये बोंडगाव, कालवड, कठोरा, हिंगणा या भागातल्या लोकांचे केस अक्षरशः हातात येऊ लागले. आधी डोक्याला खाज, मग केस गळायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. पोरं-पोरी घराबाहेर पडायला लाजू लागली.

पहिला संशय शाम्पूवर आणि बुरशीवर गेला. खारपाणपट्ट्यातलं पाणीही संशयाच्या यादीत आलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक गावात आलं, नमुने घेऊन गेलं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीही स्वतः तपासणी केली. 18 गावांतल्या 279 जणांना हा त्रास झाल्याचं त्यांनी सांगितलं. रेशनच्या गव्हात स्थानिक गव्हापेक्षा सुमारे 600 पट सेलेनियम सापडल्याचं आणि रुग्णांच्या अंगात जस्त कमी असल्याचंही त्यांनी मांडलं. संशयाची सुई डोक्यावरून ताटाकडं वळली ती अशी.

पुढं काही आठवड्यांत बऱ्याच जणांना केस परत यायला लागले. त्या दिवसांत एखादा तेलवाला गावात मांडून बसला असता, तर सगळं श्रेय त्याच्या बाटलीला मिळालं असतं!

श्रेय बाटलीला का मिळतं?

या धंद्याचं गणितच तिथं आहे. डेंगी, टायफॉईडचा मोठा ताप, बाळंतपण किंवा ऑपरेशन झालं की दोन-तीन महिन्यांनी केस झपाट्यानं गळतात. माणूस घाबरतो आणि तेल आणतो. खरं तर अशी गळती बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप आवरते. तेल लावलं आणि केस आले, हे दोन्ही खरं असतं. पण तेलामुळं आले, हे त्यावरून सिद्ध होत नाही. दिवसाला 50 ते 100 केस गळणं तर चांगल्या माणसालाही चालूच असतं.

मग तेल फुकट का?

नाही. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना, विंचरताना होणारी झीज कमी करतं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑईलची तुलना झाली होती. केसातल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलानं कमी केली. म्हणजे आहे तो केस तुटायचा वाचतो आणि विरळ केसही भरल्यासारखे दिसतात. मुळातून नवा केस उगवणं ही गोष्ट वेगळी.

रोझमेरीबद्दल 2015 मध्ये इराणमधला एक अभ्यास आला. 100 जणांवर सहा महिने प्रयोग झाला आणि मिनॉक्सिडिल या औषधाच्या 2 टक्के द्रावणाइतकाच परिणाम दिसला. आशा वाटण्यासारखं आहे, पण 100 माणसांवरून बाजारातल्या प्रत्येक बाटलीला खात्रीचा शिक्का देता येत नाही. शिवाय हा अर्क नुसता लावला तर कातडी भाजल्यासारखी होते, तो दुसऱ्या तेलात थेंबभरच मिसळावा लागतो. एरंडेलानं केस उगवतात याला तर भक्कम पुरावाच नाही. आणि डोक्यात चिकट कोंडा असेल तर रात्रभर तेल थापल्यानं तो वाढतो.

बाटली घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. पुढं आवळ्याचं चित्र असतं आणि घटकांच्या यादीत पहिलं नाव मिनरल ऑईल किंवा लिक्विड पॅराफिनचं असतं. टक्कल बरं करतो असा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, 1945 च्या 'जे' अनुसूचीत टकलेपणा नावानिशी आहे. कुणी असं छापून विकत असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करता येते.

आधी कारण, मग उपाय

सोयाबीन पिवळं पडलं की आपण लगेच फवारा मारत नाही. लोह कमी पडलं की यलो मोझॅक आला, हे आधी पानं बघून ठरवतो. मोझॅक असेल तर सूक्ष्म अन्नद्रव्याची कितीही फवारणी करा, पैसे मातीत. डोक्याचंही तेच आहे.

राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं होतं. शरीरात लोह कमी असलं, थायरॉईड बिघडला तरी केस गळतात. हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, गोळ्याही तिथंच मिळतात. घरातली बाई सकाळी चहावर शेतात जाते, दुपारी उरलंसुरलं खाते आणि केसांसाठी महागाची बाटली आणते, हा हिशेब उलटा आहे.

तेल जरूर लावा. घाण्यावरचं साधं खोबरेल, न्हाण्याआधी तास-दोन तास, हलक्या हातानं. पण गोल चट्टे पडत असतील, खाज किंवा पू असेल, नाहीतर आठ-दहा दिवसांत केस झपाट्यानं जात असतील तर तेलात वेळ घालवू नका, डॉक्टर गाठा. आणि एकाच गल्लीत चार-पाच जणांचे केस जायला लागले तर त्याच दिवशी आशाताईंना कळवा. घरातला गहू आणि पिण्याचं पाणी नमुन्यासाठी बाजूला काढून ठेवा.