मोठा रुपया, रिकामा बाजार

शेतकरी बुडतो तो लग्नातल्या उधळपट्टीने, हा शहाण्यांचा उपदेश आम्ही पुष्कळ ऐकला. बांधवहो, आता हिशेब ऐका. 1926 साली हिल्टन यंग कमिशनने रुपया 18 पेन्सांचा ठरविला, 1927 साली तसा कायदा झाला. विलायतेत ज्या कापसाला एक पौंड नाणे मिळे, त्याचे 16 पेन्सांच्या भावाने 15 रुपये होत. 18 च्या भावाने 13 रुपये 5 आणे 4 पै. सारा व व्याज मात्र पूर्वीइतक्याच रुपयांत! हा भाव टिकविण्यासाठी सरकारने चलनही आखडले. कमिशनातच पुरुषोत्तमदास ठाकूरदासांनी विरोध नोंदविला होता. पण ऐकतो कोण?

पुढे मंदीने भाव कोसळले. अशा वेळी विहिरी, बंधारे काढून गावात पैसा खेळवावा. तर सप्टेंबर 1931 मध्ये करांवर, मिठावरसुद्धा, 25 टक्के जादा आकार बसविला! कुणब्याच्या हाती दमडी नाही, म्हणून कोष्ट्याचे लुगडे पडून, चांभाराचा जोडा पडून, सुताराचा वाकस थंड. एकाचा खर्च तीच दुसऱ्याची मिळकत, हे तिसरीतल्या पोराला कळते. यात लग्न कोठे आले?

आज व्याजदर रिझर्व्ह बँकेची सहा जणांची समिती ठरविते. दर चढला की कर्ज महागते, गिऱ्हाईक आटते. त्या सहांतले तिघे सरकार नेमते. तेथे कुणब्या-कारागिरांचा हिशेब कोण मांडतो, हे मत मागायला येणाऱ्यास आम्ही विचारणार आहोत.